लिनक्सवर मराठी वाचायचं तर: पाच फॉन्ट, एक फाइल आणि शिरोरेषेचा घोळ

लिनक्सवर इंग्रजी छान कोरीव दिसतं आणि त्याच पडद्यावर मराठी दिसतं ते ओल्या कागदावर शाई फुटल्यासारखं. तक्रार जुनी आहे. तिच्यावर इंटरनेटवर मिळणारा इलाजही ठरलेला आहे: सबपिक्सेल चालू करा, एलसीडी फिल्टर लावा, जमलं तर इन्फिनॅलिटी या अक्षर सुधारणाऱ्या प्रकल्पाचे पॅच घाला. यातलं शेवटचं तर विसराच, तो प्रकल्प कधीच बंद पडला. बाकीचे दोन इंग्रजीला थोडेफार लागू पडतात. मराठीला मात्र ते चुकीच्या जागी लावलेलं मलम आहे.

कारण साधं आहे. एलसीडीच्या एका पिक्सेलात लाल, हिरवा, निळा असे तीन उभे पट्टे शेजारी शेजारी असतात. सबपिक्सेल पद्धत ते तीन पट्टे वेगवेगळे वापरते, त्यामुळे आडव्या दिशेचा बारकावा वाढतो आणि अक्षराचे उभे दंड स्वच्छ होतात. पण देवनागरी ओळीत सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती शिरोरेषा, आणि ती आडवी. तिची कड वर आणि खाली आहे. त्या दिशेने सबपिक्सेलमुळे एका छटाकाचाही फायदा होत नाही. शिरोरेषा दोन पिक्सेल-ओळींच्या मध्ये पडली की एका काळ्या रेघेऐवजी दोन करड्या रेघा दिसतात, आणि सगळी ओळ पुसट वाटते. म्हणून आधी फॉन्ट नीट निवडायचा, मग हिंटिंग (अक्षराच्या रेषा पिक्सेलच्या ओळींवर बसवणं) लावायचं, आणि सबपिक्सेल सगळ्यात शेवटी, तेही वाटलं तर.

खालचे शेरे तीन प्रकारचे पडदे धरून आहेत. २४ इंची फुल एचडी मॉनिटर (इंचाला सुमारे ९२ पिक्सेल), १३६६ बाय ७६८ चा १५.६ इंची जुना लॅपटॉप (सुमारे १००) आणि १४ इंची फुल एचडी लॅपटॉप (सुमारे १५७). खरी अडचण पहिल्या दोघांची. २७ इंची फोर-के पडदा असेल तर फक्त फॉन्टनिवडीचा भाग वाचला तरी चालेल.

आधी बघा, फॉन्ट कोणता लागतोय

डेजाव्हू सॅन्ससारख्या पुष्कळ नेहमीच्या फॉन्टांत देवनागरी नसतेच. मग फॉन्टकॉन्फिग (प्रोग्रामांना फॉन्ट निवडून देणारी यंत्रणा) यादीत पुढचा सापडेल तो फॉन्ट उचलतो. तुमच्या मशीनवर कोणता उचलला हे विचारायला टर्मिनलमध्ये एफसी-मॅच ही आज्ञा द्यायची. तिच्यापुढे सॅन्स-सेरिफ, कोलन, लँग, बरोबरचं चिन्ह आणि मराठीची खूण एमआर, सगळं मध्ये जागा न सोडता. उत्तरात फ्रीसॅन्स किंवा फ्रीसेरिफ आलं तर अर्धा रोग तिथेच सापडला. जीएनयू फ्रीफॉन्ट संचातले हे फॉन्ट इतर कुठल्यातरी पॅकेजच्या शेपटीला धरून येतात. त्यांच्यात देवनागरी आहे, म्हणून ते पुढे घुसतात, पण रोजच्या मराठी वाचनासाठी ते घेऊ नयेत. पॅकेज काढून टाकता येतं, मात्र काढताना सोबत आणखी काय काय जातंय ती यादी वाचूनच हो म्हणा.

फॉन्ट तपासायला एखादं गोड सुभाषित नको, अडचणीचे शब्द हवेत: दऱ्याखोऱ्या, ऱ्हास, उद्ध्वस्त, द्वंद्व, महत्त्व, हृदय, राष्ट्र, शृंगार, ब्राह्मण, ॲप, लळा, श्लोक. 'दऱ्या'तल्या अर्ध्या र ची भुवई हवी, रफार नको. 'ॲ' हे युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. त्याआधीच्या फॉन्टांत तिथे रिकामी चौकट दिसते. आणि 'उद्ध्वस्त' हा शब्द १२ पॉइंटांत वाचता आला नाही तर तो फॉन्ट मेनूसाठी निरुपयोगी, मग छापील नमुन्यात कितीही देखणा असो.

फॉन्ट एकेक करून

लोहित देवनागरी. पुणेकरांनी याच्याकडे जरा आपुलकीने बघायला हरकत नाही, कारण रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात याच्यावर बरंच काम झालं आहे. डेबियन आणि उबुंटूत 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या पॅकेजात मिळतो, आणि मराठीचं वेगळं पॅकेजही आहे. जोडाक्षरं बिनचूक, आकार लहान, जुन्या मशीनवर ओझं नाही. खोट एकच, पण मोठी: याचं वजन, म्हणजे रेषेची जाडी, एकच आहे. ठळक अक्षर हवं झालं की फॉन्टकॉन्फिग साध्या अक्षरालाच जाड करून देतं, आणि 'द्ध', 'ष्ट', 'ध्व' यांच्या पोटातल्या जागा बुजून जातात. मथळे, तक्त्यांचे रकाने, ई-मेलचे न वाचलेले विषय, सगळं ठळक असतं. तिथे लोहित हरतो.

नोटो सॅन्स देवनागरी. सरळ, सपाट, कुठेही न अडणारा. वजनं भरपूर, वैदिक चिन्हांपर्यंत अक्षरसाठा, आणि बऱ्याच वितरणांत आधीच बसवलेला. काहीच करायची इच्छा नसेल तर हा ठेवा. त्याच्या देवनागरीला चेहरा कमी आहे, पण कार्यालयातल्या पडद्यावर चेहरा कोणाला हवा असतो?

मुक्ता. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा. अतिबारीक ते अतिठळक अशी सात वजनं, परवाना ओपन फॉन्ट लायसन्स, फुकट. पडद्यासाठी आमचा कौल याला. अक्षरांची पोटं मोकळी आहेत, शिरोरेषा आणि दंड यांची जाडी एकमेकांना धरून आहे, आणि ठळक वजन खरं रेखलेलं आहे, फुगवलेलं नाही. १३६६ च्या पडद्यावर १२ पॉइंटांत 'उद्ध्वस्त' वाचता येतो, ही लहान गोष्ट नाही. उणी बाजू म्हणजे ओळीची उंची. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना मुक्ता सढळ जागा देतो, त्यामुळे फाइलींच्या यादीत एका पडद्यावर कमी ओळी मावतात. इटालिकही नाही. तिरपं अक्षर मागितलं की यंत्र दंड तिरके करतं, शिरोरेषा तशीच आडवी राहते आणि कडा खरखरीत होतात. जुन्या मशीनवर 'एक मुक्ता' या आधीच्या नावाची प्रत असेल तर ती काढा. नाहीतर यादीत दोन मुक्ता दिसतील आणि कोणता लागतोय ते कळणार नाही.

शोभिका. आयआयटी मुंबईतून आलेला. याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फॉन्टवर आधारलेली आहे. जाड-बारीक रेषांचा फरक असलेला, पुस्तकी वळणाचा. मोठा अक्षरसाठा, साधा आणि ठळक. संस्कृत अवतरणं आणि रोमन लिप्यंतर एकाच परिच्छेदात लागत असेल, म्हणजे भांडारकर संस्थेच्या वाऱ्या करणाऱ्यांचं काम, तर याच्यासारखा दुसरा नाही. मेनूत मात्र लावू नका. ९२ च्या पडद्यावर बारीक रेषा करड्या होऊन विरतात.

टिरो देवनागरी मराठी. टिरो टाइपवर्क्सने हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या केल्या, त्यातली ही आपली. एकच वजन, पण सोबत खरं इटालिक. लांब लेख वाचायला आणि छपाईला उत्तम.

पाच फॉन्ट झाले, आता ल आणि श यांचं. राज्य शासनाच्या वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे. हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आणि गाठीचा श दिसला की मराठी डोळा अडखळतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला सांगितलं तरच मराठी रूप पुढे येतं. तपासायची युक्ती: लिबरऑफिसमध्ये 'लोकशाही' लिहा, शब्द निवडा, त्याची भाषा आधी हिंदी आणि मग मराठी करा. ल आणि श बदलले तर फॉन्टात सोय आहे. नाही बदलले तर जे दिसतंय तेच आहे, त्यात सेटिंगचा दोष नाही. ब्राउझरमध्ये हीच गोष्ट वेबपानाने सांगितलेल्या भाषेवर अवलंबून असते. आपल्याकडची पुष्कळ मराठी संकेतस्थळं पानाची भाषा इंग्रजी लिहून मोकळी होतात, तिथे वाचकाच्या हाती काही नाही.

बसवणं

मुक्ता गुगल फॉन्ट्सवरून झिप फाइलीत मिळतो. सातही वजनं ओतू नका. रेग्युलर, मीडियम आणि बोल्ड पुरे, नाहीतर लिबरऑफिसची फॉन्टयादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढते. होम फोल्डरात कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर उघडे करा, डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स असा फोल्डर करून फाइली तिथे टाका. मग एफसी-कॅश ही आज्ञा उणे एफ लावून चालवा. उघडे असलेले प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवा फॉन्ट त्यांना दिसत नाही. निम्म्या 'बसला नाही' तक्रारी याच असतात.

आता ती फाइल. जागा: होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात फॉन्टकॉन्फिग नावाचा फोल्डर, त्यात फॉन्ट्स डॉट कॉन्फ. ही एक्सएमएल फाइल. तिच्यात अलायस टॅग, त्याच्या आत फॅमिली म्हणून सॅन्स-सेरिफ, आणि मग प्रिफर टॅगमध्ये फॉन्टांची क्रमवार नावं. इथे क्रमच सगळं ठरवतो. मुक्तामध्ये रोमन अक्षरंही आहेत. त्याला पहिला ठेवला तर इंग्रजी मेनूही मुक्तात दिसू लागतात. म्हणून आधी तुमचा आवडता इंग्रजी फॉन्ट, त्याच्या खाली मुक्ता. इंग्रजी अक्षरं पहिल्यातून येतील, देवनागरी तिथे सापडणार नाही म्हणून दुसऱ्यातून.

एवढं करूनही फसतं ते डेस्कटॉपची भाषाच मराठी ठेवणाऱ्यांचं. फॉन्टकॉन्फिगमध्ये अलायसने दिलेलं नाव मूळात 'वीक' धरलं जातं आणि भाषेची अट त्याच्यापेक्षा वरचढ ठरते. भाषा मराठी असली की ज्याला मराठी येत नाही तो इंग्रजी फॉन्ट मागे ढकलला जातो, आणि इंग्रजीही मुक्तात किंवा नोटोत दिसतं. उपाय: अलायस टॅगमध्येच बाइंडिंगचं मूल्य 'स्ट्राँग' लिहायचं. मग तुमचा क्रम भाषेच्या वर राहतो.

सेरिफसाठी असाच दुसरा अलायस, त्यात टिरो किंवा शोभिका. मोनोस्पेससाठी इंग्रजी कोडफॉन्टच्या खाली नोटो सॅन्स देवनागरी. देवनागरी समान रुंदीत बसत नाही, त्यामुळे रकाने सरकणारच, ते मान्य करून चाला. फाइलीत एखादा टॅग बंद करायचा राहिला तर कोणतीही एफसी आज्ञा चालवताना 'फॉन्टकॉन्फिग एरर' आणि ओळीचा आकडा टर्मिनलवर येतो. तो न वाचता पुन्हा पुन्हा कॅश बनवत बसू नका.

शिरोरेषा जागेवर

हिंटिंग 'स्लाइट' ठेवा. या पातळीवर फ्रीटाइपचं (अक्षरं पडद्यावर रेखणाऱ्या लायब्ररीचं) स्वतःचं ऑटोहिंटर ट्रूटाइप अक्षरांना फक्त उभ्या दिशेने पिक्सेलच्या ओळींवर बसवतं, आडव्या दिशेला हात लावत नाही. म्हणजे अक्षरांमधली अंतरं बिघडत नाहीत आणि शिरोरेषा एका ओळीवर येऊन बसते. या ऑटोहिंटरला देवनागरी ठाऊक आहे, शिरोरेषेची उंची ही तिथे वेगळी नोंद आहे. आपल्या लिपीला फुकट मिळालेली ही सगळ्यात मोठी सोय, आणि लोक ती 'हिंटिंग बंद केल्यावर मॅकसारखं दिसतं' म्हणून बंद करून टाकतात! मॅकसारखं दिसतं ते मॅकच्या दाट पडद्यावर. ९२ च्या मॉनिटरवर फक्त धुकं पडतं. 'फुल' ठेवण्यातही अर्थ नाही. तिथे फॉन्टच्या आतल्या सूचना वापरल्या जातात, आणि त्या प्रत्येक देवनागरी फॉन्टात तितक्याच नीट असतील याची खात्री नसते.

ग्नोम डेस्कटॉपमध्ये हे ट्वीक्स या प्रोग्रामच्या फॉन्ट विभागात आहे, केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये सिस्टिम सेटिंगच्या फॉन्ट पानावर. तिथेच आकारही बदला. ग्नोमचा नेहमीचा ११ पॉइंट म्हणजे इंचाला ९६ पिक्सेलच्या हिशेबाने १४.६७ पिक्सेल. १२ पॉइंट म्हणजे नेमके १६. मराठीला तेवढी वाढ हवीच, कारण एका अक्षराच्या उंचीत आपण रफार, अनुस्वार, वेलांटी, जोडाक्षराचं पोट आणि खालचा उकार एवढं बसवतो.

सबपिक्सेलचं सांगायचं तर केडीईत, फायरफॉक्समध्ये आणि जुन्या जीटीके तीनच्या (जीटीके म्हणजे ग्नोमचे प्रोग्राम ज्यावर बांधतात तो संच) प्रोग्रामांत ते चालतं. जीटीके चारमध्ये नाही, तिथे फक्त करड्या छटा (ग्रेस्केल). त्यामुळे ग्नोमच्या नव्या प्रोग्रामांवर आरजीबी (सबपिक्सेलचा पर्याय) निवडून फरक पडत नाही, पडला असं वाटलं तर तो मनाचा खेळ. मॉनिटर उभा फिरवून लावला असेल तर पट्ट्यांची दिशाही बदलते, तेव्हा ग्रेस्केलच बरा.

जीटीके चारचा आणखी एक त्रास. अक्षर पिक्सेलच्या अपूर्णांकावर ठेवलं जाऊ शकतं, म्हणजे हिंटिंगने बसवलेली शिरोरेषा पुन्हा हलते. डॉट-कॉन्फिगमधल्या जीटीके-४.० फोल्डरात सेटिंग्स डॉट आयएनआय फाइल करा, पहिली ओळ चौकटी कंसात सेटिंग्स, दुसरी ओळ 'जीटीके-हिंट-फॉन्ट-मेट्रिक्स' बरोबर १. जीटीके ४.१६ पासून 'जीटीके-फॉन्ट-रेंडरिंग' ही नवी कळ आली आहे. ती ऑटोमॅटिक असेल तर वरची ओळ जमेस धरली जात नाही. तेव्हा ती मॅन्युअल करा.

पडदा १२५ टक्क्यांवर ठेवणाऱ्यांनी सावध राहावं. जुन्या एक्स-इलेव्हन या पडदा-प्रणालीसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या वेलँडवर ताणून दाखवले जातात आणि सगळं पुसट होतं, फॉन्ट कितीही चांगला असो. त्यापेक्षा पडदा १०० टक्के ठेवून फक्त मजकुराचं प्रमाण १.१५ किंवा १.२५ करा. ट्वीक्समध्ये ती सोय आहे. बटणं लहान राहतात, पण अक्षर धारदार राहतं.

प्रोग्रामनिहाय

फायरफॉक्समध्ये सेटिंग, फॉन्ट, ॲडव्हान्स्ड असं जाऊन वरच्या यादीतून देवनागरी निवडली की त्या लिपीचे फॉन्ट आणि किमान आकार वेगळे ठरवता येतात. किमान १५ ठेवा. क्रोममध्ये लिपीनुसार पर्याय मेनूत नाही, तो फॉन्टकॉन्फिगचं ऐकतो, म्हणून वरची फाइल महत्त्वाची. फ्लॅटपॅकमधून (बंदिस्त पॅकेजांतून) बसवलेल्या प्रोग्रामांना तुमचे फॉन्ट दिसतात पण तुमची फाइल दिसेलच असं नाही. फ्लॅटसील हा परवानग्यांचा प्रोग्राम उघडून त्या प्रोग्रामला डॉट-कॉन्फिगमधला फॉन्टकॉन्फिग फोल्डर फक्त वाचायची परवानगी द्या.

लिबरऑफिसने ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सगळीकडे हार्फबझ हे अक्षरं जोडणारं इंजिन घेतलं आणि जोडाक्षरांचे जुने झगडे संपले. राहिला तो गोंधळ दोन फॉन्टांचा. तिथे प्रत्येक शैलीत पाश्चात्त्य लिपीचा एक आणि 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'चा (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा) दुसरा, असे दोन फॉन्ट आणि दोन आकार असतात. भाषांच्या सेटिंगमध्ये सीटीएलची खूण करून मराठी निवडली नाही तर दुसरा रकाना दिसतच नाही. मग लोक इंग्रजीचा आकार १४ करतात आणि मराठी १२ वरच का अडकली म्हणून डोकं धरतात.

टर्मिनलची अपेक्षा कमी ठेवा. ग्नोम टर्मिनल चौकटी मोजून अक्षरं ठेवतो, जोडाक्षरं सुटी पडतात. केडीईचा कन्सोल हा टर्मिनल त्यातल्या त्यात बरा. मराठी नावांच्या फाइली हाताळायच्या तर फाइल मॅनेजरच सोयीचा.

टंकलेखनात अर्ध्या भुवईच्या र चा घोळ फॉन्टवर ढकलला जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य साठी स्लॅश किंवा ह साठी यू. असं लिहिलं की 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' नीट येतात. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही दुसरा मार्ग आहे, दिसायला तोच. पण शोधताना एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने सापडत नाही. कार्यालयात सगळ्यांनी एकच पद्धत ठरवावी.

आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांकडून आलेल्या जुन्या फाइली. श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोड नसतो, आत इंग्रजी चिन्हंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी वेष देतो. लिनक्सवर तो फॉन्ट नसला की 'ÖêúÆ' छापाचा कचरा दिसतो, आणि मुक्ता लावून तो सुधारत नाही. आधी रूपांतर, मग फॉन्ट. पुढचं पानजुळणीचं काम लिनक्सवरच करायचं तर स्क्रायबसची १.६ किंवा पुढची आवृत्ती घ्या. १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं मोडतात, आणि ती मोडलेली छापून आल्यावर गिऱ्हाईक फॉन्टला नाही, तुम्हालाच बोल लावतं.